'सिकारियो' पाहावा का? की नुसताच गोळीबार आहे?

जरूर पाहा, पण मारधाडीसाठी नको. २०१५ चा हा सिनेमा डेनिस विल्नव यांचा. एफबीआयची अधिकारी केट (एमिली ब्लंट) मेक्सिकोच्या ड्रग कार्टेलविरुद्धच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळीविरुद्धच्या मोहिमेत जाते, आणि आपण नेमकं कुणासाठी काम करतोय हेच तिला कोणी सांगत नाही. तिच्याइतकंच आपल्यालाही कळतं. सगळी भीती तिथंच आहे.

मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरातून अमेरिकेत परत येताना सीमेवरच्या पुलावर गाड्या अडकतात तो प्रसंग बघाच. मी निपाणीचा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या रांगेत कितीदा थांबलोय. २०२१ मध्ये तर कोरोनाचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय पुढं सोडत नव्हते. आपल्याकडं रांगेत जीव कंटाळतो, तिथं शेजारच्या गाडीची काच खाली झाली तरी काळजात धस्स होतं. गोळीबार काही सेकंदांचाच, पण त्याआधीची वाट बघणं अंगावर येतं. योहान योहानसन यांचं संगीतही तसंच, जमिनीखालून घरघरत येणारं. रॉजर डीकिन्स यांच्या छायाचित्रणाला ऑस्करचं नामांकन होतं.

मला मात्र सगळ्यात जास्त लागला तो मेक्सिकन पोलीस सिल्व्हिओ आणि फुटबॉलसाठी त्याला उठवणारा त्याचा पोरगा. त्यांचे प्रसंग थोडेच आहेत, घाईत पुढं ढकलू नका.

लहान मुलांसोबत नको, सुरुवातीलाच भिंतींत प्रेतं सापडतात. २०१८ चा दुसरा भाग वेगळ्या दिग्दर्शकाचा आहे, त्यात केट नाही. तो नंतर बघितला तरी चालेल.