डिस्ट्रिब्युटेड क्लाउड म्हणजे काय, आणि धंद्याला त्याचा उपयोग काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, क्लाउड कंपनी (इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारी) आपले सर्व्हर एकाच मोठ्या डेटा सेंटरात न ठेवता तुमच्या शहराजवळ, अगदी तुमच्या कारखान्यातही आणून ठेवते. देखभाल आणि अपडेट मात्र तिचेच. ॲमेझॉनचं आउटपोस्ट्स (२०१९ पासून) हे त्याचं उदाहरण.

खरा फायदा दोन ठिकाणी. एक, वेग: फायबरमधून सिग्नल मिलीसेकंदाला जेमतेम २०० किलोमीटर जातो, त्यामुळे कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरचा खराब नग कॅमेऱ्याने ओळखून लगेच बाजूला काढायचा तर सर्व्हर अमेरिकेत असून भागत नाही. दुसरं, कायदा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा लागतो.

दुकानाची वेबसाइट आणि बिलिंग एवढंच असेल तर या भानगडीत पडू नका, साधा क्लाउड पुरतो. आणि हो, डिस्ट्रिब्युटेड क्लाउडचा खर्च दणदणीत असतो.