ख्रिस्ती भक्ती रोजच्या जगण्यातून शिकता येते का? कोणाकडून?

तुम्ही लिहिलंय की नोकरी, घर आणि अंथरुणाला खिळलेले वडील यांतच दिवस सरतो, एकांतवासाच्या शिबिरांना जाणं होत नाही, हाताला धरून शिकवणारं कुणी नाही. मग भक्ती शिकायची कोणाकडून?

शिकता येते. आणि शिकवणारी माणसं बहुधा तुमच्या आसपासच आहेत, फक्त आपण शिकवतोय हे त्यांना ठाऊक नसतं.

येशू शिष्यांना कुणाकडे बघायला सांगत असे ते आठवा. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, १२व्या अध्यायात, तो मंदिराच्या दानपेटीसमोर बसलाय. श्रीमंत लोक भरपूर टाकताहेत. एक गरीब विधवा येते, दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकते, आणि येशू शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावून तिच्याबद्दल सांगतो. तिला मात्र तो काहीच म्हणत नाही. आपल्या दोन टोल्यांवरून शिष्यांना धडा मिळाला हे तिला कळलं असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. येशूने दाखवलेली इतर माणसंही अशीच. पीठ मळणारी बाई, मधोमध उभं केलेलं लेकरू, मुलीसाठी हट्टाने मागत राहणारी कनानी आई, रोमी सैन्यातला शताधिपती: त्या काळी यांतल्या एकालाही कुणी धर्मगुरूच्या आसनावर बसवलं नसतं.

पुढच्या काळातही हे दिसतं. आर्सेनियस हा रोमी सम्राटाच्या दरबारात राजपुत्रांना शिकवणारा विद्वान. तो इजिप्तच्या वाळवंटात साधू होऊन गेला आणि आपल्या मनातले विचार एका म्हाताऱ्या शेतकरी साधूपुढे मांडू लागला. लोकांना नवल वाटलं. तो म्हणाला, ग्रीक आणि लॅटिन विद्या मला येते, पण या माणसाची मुळाक्षरं अजून यायची आहेत.

तुम्हाला सगळ्यांत जवळचा वाटेल तो ब्रदर लॉरेन्स. १७व्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात तो स्वयंपाकघरात राबत होता. पुढे चपला दुरुस्त करायचा. अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिलं. याला पुन्हा पालवी येणार, फुलं-फळं धरणार, एवढाच विचार मनात आला, आणि देवावरची त्याची प्रीती तिथून जागी झाली. स्वयंपाकघराचं काम त्याला स्वभावतःच नावडतं होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण सेवा आवडलीच पाहिजे असं आपण धरून चालतो. तो काम सुरू करताना देवाशी दोन शब्द बोलायचा, मधेमधे बोलायचा, संपल्यावर आभार मानायचा. मन भरकटलं तर स्वतःला बोल लावत न बसता परत यायचा. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्याला वेगळी उरली नाही. ही रीत वडिलांची औषधं देताना, चादर बदलताना जशीच्या तशी चालते.

चिडचिड आणणारी माणसंही शिकवतात. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली संत तेरेझा (१८७३–१८९७) प्रार्थनेला बसली की मागची एक नन सतत बारीक आवाज करायची. वळून बघावं असं तिला फार वाटे. शेवटी तिने तो आवाज सुरेल संगीत असल्यासारखा ऐकायचं ठरवलं आणि तेच देवाला अर्पण केलं. चोविसाव्या वर्षी वारलेल्या या मुलीला १९९७ मध्ये पोपनी मंडळीची (चर्चची) आचार्य ठरवलं.

आता तुमच्या वडिलांविषयी. प्रश्नात त्यांचा उल्लेख अडचण म्हणून आलाय, पण माझ्या अनुभवात अशा खोलीतच खूप शिकायला मिळतं. माझी आई शेवटच्या आजारात दुसऱ्यांच्या हातांवर होती. कूस बदलायची, अंग पुसायचं, घोटभर पाणी पाजायचं. ती संकोचायची नाही, प्रत्येक वेळी आभार मानायची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं मी लहानपणापासून म्हणत आलो, पण दिलेलं घ्यायचं कसं हे तिच्याकडे बघून कळलं. तुमचे वडील कदाचित असे शांत नसतील, चिडत असतील. तरी बघत राहा.

मात्र थकव्यालाच भक्ती समजू नका. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, आणि तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. भावंडांना, मंडळीतल्या लोकांना दोन तास बसायला बोलवा. तेवढ्या वेळात उपासनेला जा, नाहीतर झोपा.

शास्त्रवाचनही सोडू नका. वचन सोबत नसेल तर रोजच्या अनुभवातून आपण आपल्या सोयीचा देव घडवतो. मार्कपासून सुरुवात करा, १६च अध्याय आहेत. ज्यांची नावंही दिलेली नाहीत त्या माणसांपाशी थांबत वाचा. ९व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप भेटेल. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव, असं तो ओरडून म्हणतो. वडिलांच्या खोलीत शिरताना म्हणायला मी तरी हीच प्रार्थना सुचवेन.