संमतीचे 5 कोटी की निवाड्याचे 4?

प्रश्न: आम्ही ऐरोलीत राहतो. भिवंडी तालुक्यातली आमची वडिलोपार्जित 40 गुंठे शेतजमीन सरकारी प्रकल्पात जातेय. नोटीस 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली आहे. थेट खरेदीला संमती दिली तर 25 टक्के जादा, म्हणजे 5 कोटी. नाहीतर निवाड्याने, म्हणजे जिल्हाधिकारी ठरवतील त्या मोबदल्याने, 4 कोटी. गावातले म्हणतात, सही करू नका, कोर्टात दुप्पट मिळतं. एक दलाल रोखीने घ्यायला तयार आहे. वडील नाहीत, आई, आम्ही दोन भाऊ आणि लग्न झालेली बहीण आहे. माझ्या वाट्यातून घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यावा म्हणतो.

उत्तर: आधी दलालाला नमस्कार करा. कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या जमिनीचा व्यवहार करता येत नाही. मग तो साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र पुढे करतो. त्यावर सही केलीत की मोबदल्यावर दावा सांगणारा आणखी एक माणूस तयार होतो.

आता खरा हिशेब. तुमच्या गणनापत्रकात मूळ दर गुंठ्याला अडीच लाख धरलाय, म्हणजे 1 कोटी. गुणक 2 लावून 2 कोटी, त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई), झाले 4 कोटी. म्हणजे मूळ दरातला एक रुपया तुमच्या हातात चार रुपये होऊन येतो. भांडायचं तर याच आकड्यावर.

कायद्याप्रमाणे मूळ दर म्हणजे रेडी रेकनर (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर) किंवा आजूबाजूच्या तशाच जमिनींच्या आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी, यातला जास्त असेल तो. सरासरी सगळ्या खतांची नाही. ज्यांत दर जास्त आहे अशा निम्म्याच खतांची. आठ खतं असतील तर वरची चार. चूक बहुतेक इथे होते: आठही धरली जातात, नाहीतर मोठ्या दराचं एखादं खत ‘वेगळ्या प्रकारची जमीन’ म्हणून वगळलं जातं. दुय्यम निबंधकांकडून गावाच्या आणि शेजारच्या दोन गावांच्या सूची क्रमांक 2 च्या (नोंदलेल्या खरेदीखतांच्या गोषवाऱ्याच्या) नकला काढा. रस्त्याला लागून असलेल्या बिनशेती प्लॉटचे दर त्यात मिसळू नका, ते टिकत नाहीत. शेजारच्याला आधीच्या संपादनात मिळालेला दरही कायदा मोजत नाही, आणि गावातल्या गप्पा मात्र त्याच दरावर चालतात.

तुमची सरासरी 3 लाख 12 हजार 500 रुपये गुंठा आली तर निवाडाही 5 कोटींवर जातो, म्हणजे संमतीची बरोबरी होते. वकील आणि वेळ धरून मी रेषा साडेतीन लाखांवर ओढेन. त्याखाली सही करा. वर निघालं तरच निवाडा घ्या. सही केली की दर वाढवून मागायचा रस्ता बंद होतो.

निवाड्याच्या वाटेने गेलात तरी 4 कोटी अडकून पडत नाहीत, पणाला लागतो फक्त वरचा 1 कोटी. मात्र रक्कम उचलताना लेखी निषेध नोंदवा, नाहीतर वाढीव मागणीचा हक्क जातो. निवाड्यावेळी हजर असाल तर मोबदला वाढवून मागायचा कलम 64 चा अर्ज 6 आठवड्यांत द्यायचा. वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी 9 आणि पुढे 15 टक्के व्याज मिळू शकतं, पण व्याजावर कर लागतो. आणि हे सगळं 2013 च्या कायद्याचं. राष्ट्रीय महामार्गाची नोटीस असती तर आधी लवादाकडे जावं लागलं असतं.

संयुक्त मोजणीचा तक्ता डोळ्यांखालून घाला. विहीर, बोअर, आंबा, साग यांचं मूल्यांकन वेगळं होतं आणि त्यावरही दिलासा रक्कम मिळते. तक्त्यात ‘पडीक’ लिहून ठेवलं असेल तर आत्ताच हरकत द्या.

सातबारावर बहिणीचं नाव नसेल तर वारस नोंदीचा फेरफार आधी. तिचा हक्क 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्का आहे. वडील 2005 आधी वारले असले तरी. हक्कसोडपत्रावर तिची सही घाईत घेऊ नका. वाद उभा राहिला तर पैसे भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणात जमा होतात आणि चौघांचेही अडकतात. ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव किंवा जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, तेही बघा.

कराचं: कलम 96 प्रमाणे या कायद्याखालच्या निवाड्यावर आणि करारावर आयकर नाही, आयकर खात्याच्या 2016 च्या 36 क्रमांकाच्या परिपत्रकाने ते स्पष्ट केलंय. थेट खरेदीत अडचण अशी की कागद साध्या खरेदीखताचा दिसतो. म्हणून मजकुरात संपादनाची अधिसूचना आणि 2013 चा कायदा यांचा उल्लेख घालून घ्या. ‘शेतजमीन आहे, कर कसला’ यावर विसंबू नका; ठाण्यासारख्या 10 लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरच्या आतल्या शेतजमिनीला ती सवलत नाही.

पैसे चार वेगळ्या खात्यांत घ्या. एकाच्या खात्यात घेऊन मग वाटले की पुढे खुलासे देत बसावं लागतं. तुमच्या वाट्याला सव्वा कोटी येतात. 1 कोटी 10 लाखांच्या बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 7 टक्के मुद्रांक, 5 टक्के जीएसटी आणि नोंदणीचे 30 हजार मिळून साडेतेरा लाख जातात. म्हणजे फर्निचरच्या आधीच 1 कोटी 23 लाख संपले, आणि भाडं साधारण 2 ते 3 टक्क्यांच्या घरात. राहायला घर नसेल तर घ्या. गुंतवणूक म्हणून मला हा फ्लॅट पटत नाही. सहा महिने पैसे मोठ्या बँकांच्या मुदत ठेवींत विभागून ठेवा. पाव टक्का जादा व्याजासाठी गल्लीतल्या पतपेढीत नको. तिथे बँकेसारखं 5 लाखांचं विमासंरक्षणही नसतं.