यकृताला इजा झाल्यावर ते भरून काढण्यात एन्झाइमचं काम काय? रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलं म्हणजे दुरुस्ती सुरू झाली का?

नाही. एसजीपीटी आणि एसजीओटी हे यकृताच्या पेशींच्या आतले एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात सांडतात. म्हणजे वाढलेला आकडा नुकसान दाखवतो, दुरुस्ती नाही.

दुरुस्ती करणारे एन्झाइम वेगळे, आणि ते यकृताच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. इजा झाल्यावर युरोकायनेज हे प्रथिनं कापणारं एन्झाइम लवकर कामाला लागतं. पेशींभोवतीच्या जाळ्यात एचजीएफ नावाचा वाढ-घटक निष्क्रिय स्वरूपात साठलेला असतो; त्याला कापून जागं करण्यात युरोकायनेजचा वाटा असतो. मग तो पेशीवरच्या मेट या ग्राहीला (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो. मेट स्वतःच एक कायनेज, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम आहे. तिथून विभाजनाचा निरोप केंद्रकापर्यंत जातो, डीएनए पॉलिमरेज हे एन्झाइम डीएनएची प्रत काढतं आणि उरलेल्या निरोगी पेशी दुप्पट होऊ लागतात. उंदरांत दोन-तृतीयांश यकृत काढलं तरी साधारण 7 ते 10 दिवसांत वजन जवळपास पूर्ववत होतं!

इजा वारंवार झाली, उदाहरणार्थ रोजच्या दारूने, तर कोलॅजेन या धाग्यासारख्या प्रथिनाचा व्रण साठतो. मेटॅलोप्रोटिनेज एन्झाइम तो विरघळवतात. पण लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमने हे धागे एकमेकांना घट्ट जोडले की ते काम फार अवघड होतं. म्हणून दारू लवकर थांबवण्याला इतकं महत्त्व.

एक कळकळीची सूचना: गंभीर आजारात एसजीपीटी उतरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. फुटायला पेशीच उरल्या नसतील तरीही आकडा खाली येतो. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं पिवळं द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) सोबत बघायलाच हवेत.