बारा पानं कशाला?

प्रश्न : घरखर्चासाठी स्प्रेडशीटचं तयार टेम्प्लेट उतरवून घेतलं. त्यात दर महिन्याचं वेगळं पान आहे. खर्च कोणी केला, हे कळावं म्हणून मी एक रकाना मध्येच घातला, तर वर्षाच्या पानावर भलतेच आकडे येऊ लागले. दुसरं चांगलं टेम्प्लेट सुचवाल का?

उत्तर : नाही सुचवणार. दुसऱ्यातही हेच होईल. वर्षाच्या त्या पानावर बहुधा व्हीलुकअप, म्हणजे दुसरीकडच्या तक्त्यातून उत्तर शोधून आणणारा फॉर्म्युला, आहे. त्यात कितव्या रकान्यातून उत्तर आणायचं, ते आकड्यात लिहिलेलं असतं. मध्ये नवा रकाना घुसला की मूळचा तिसरा चौथा होतो, फॉर्म्युला मात्र तिसऱ्यातच बघत राहतो.

आधी एक्सेल बंद करा आणि वर्षअखेरीला काय विचारणार आहात, ते कागदावर लिहा. औषधांवर किती गेले? कोणाच्या हातून किती गेले? या प्रश्नांतूनच रकाने ठरतात : तारीख, प्रकार, रक्कम, कोणी, शेरा. एका खर्चाला एक ओळ, आणि सगळं एकाच पानावर. महिन्यांची पानं नकोतच. महिना तारखेतून काढता येतो. जागेची काळजी नको, एका शीटमध्ये 10,48,576 ओळी असतात.

बेरजा दुसऱ्या पानावर, समइफ्सने (अटीत बसणाऱ्या रकमांचीच बेरीज करणारा फॉर्म्युला) किंवा पिव्होट टेबलने (नोंदींचे गट पाडून बेरजा दाखवणारा तक्ता). नोंदींच्या मध्येमध्ये बेरजेच्या ओळी घालू नका आणि सेल मर्ज करू नका, म्हणजे शेजारचे चौकोन जोडून एक करू नका, सॉर्ट करताना (नोंदी क्रमाने लावताना) अडतं. (टेम्प्लेटवाल्यांना मर्ज केलेली मोठी रंगीत शीर्षकं फार आवडतात. रोज नोंदी भरायला ते थोडेच बसणार आहेत!)

खरी मेख 'प्रकार' या रकान्यात आहे. आज 'वीज', उद्या 'वीजबिल', परवा 'लाईट बिल' लिहिलंत की एकाच खर्चाचे तीन प्रकार होतात आणि बेरीज गुपचूप कमी भरते. म्हणून डेटा व्हॅलिडेशनने (सेलमध्ये काय भरता येईल, ते ठरवणारी सोय) यादी लावा, निवडण्यापुरतीच मुभा ठेवा. तारखांकडेही लक्ष असू द्या. खरी तारीख आत क्रमांक म्हणून साठते, म्हणून आपोआप उजवीकडे सरकते. डावीकडे चिकटून बसली तर ती बहुधा नुसता मजकूर आहे, महिन्याच्या हिशेबात धरली जाईलच असं नाही.

टेम्प्लेट वाईटच असतं असं नाही. बिलाचा नमुना हवा असेल तर खुशाल घ्या, तिथे मांडणी ठरलेलीच असते.

जुन्या नोंदी नव्या पानावर एकाखाली एक चिकटवा. मात्र पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज घ्या, नाहीतर जुने फॉर्म्युलेही मागोमाग येतील.