खाडीकाठचं नेरूळ, मैत्रिणीचं लग्न आणि ५२ हजारांचं भाडं

प्रश्न : मी २७ वर्षांची, मूळची सांगलीची. ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. वर्षाचा पगार ११ लाख, हातात महिन्याला ८१ हजार येतात. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. सध्या घणसोलीत पीजीत राहते, जेवणासकट १३,५०० रुपये. घरी ८ हजार पाठवते, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ९ हजार, एसआयपी १५ हजार. बँकेत १ लाख ९० हजार आहेत, म्युच्युअल फंडात सव्वाचार लाख. पीजीचा आता वीट आलाय. शनिवार-रविवार मी तशीही नेरूळ-सीवूड्सलाच असते, म्हणून एका मैत्रिणीबरोबर तिथं टू बीएचके घ्यायचा विचार आहे. पाम बीच रोडलगतच्या टॉवरमधला, खाडी दिसणारा फ्लॅट आवडलाय : भाडं ५२ हजार, डिपॉझिट २ लाख, सगळं निम्मं-निम्मं. नेरूळ स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर जुन्या चार मजली इमारतीतलाही एक पाहिला, ३४ हजार आणि डिपॉझिट १ लाख, पण तो मैत्रिणीला पसंत नाही. तिचा साखरपुडा झालाय, लग्न पुढच्या वर्षी, त्याआधी तिला मस्त राहायचंय. बाबा म्हणतात, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा उलव्यात वन बीएचके बुक कर. बांधकाम चालू आहे, किंमत ६२ लाख, त्यातले १० लाख ते देतील. येत्या जूनमध्ये ५८ पूर्ण करून ते शाळेतून निवृत्त होतायत. मी मौजेपायी पैसे उडवतेय का?

उत्तर : नाही. नेरूळला खुशाल राहायला जा. फक्त टॉवरमध्ये नको, त्या जुन्या इमारतीत जा. उलव्याचं बुकिंग आत्ता करू नका.

आधी तुमच्या मनातली टोचणी काढून टाकू. सत्ताविसाव्या वर्षी, नोकरी नीट चालू असताना, राबता असलेल्या भागात राहावंसं वाटणं ही चैन नाही. तुम्ही पाठवलेल्या बँक स्टेटमेंटवरून दिसतं की रिक्षा-कॅबला महिन्याला ६ हजारांच्या आसपास जातात आणि बाहेर खाण्या-मागवण्यात ११ हजार. पीजीचं जेवण भाड्यातच धरलेलं असूनही! म्हणजे नेरूळचा खर्च तुम्ही आजही करता आहातच, फक्त घणसोलीहून येऊन-जाऊन. तिथं राहायला गेलात तर ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती संध्याकाळी चक्कर मारायला कॅब लागणार नाही, आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत फ्लेमिंगो पाहायला चालत जाता येईल. स्वतःचं स्वयंपाकघर आलं की मागवणंही थोडं कमी होतं. थोडंच. पहिल्या दोन महिन्यांचा उत्साह मी हिशेबात धरत नाही.

आता जाता जाता तुम्ही लिहून गेलात ते मैत्रिणीच्या साखरपुड्याचं वाक्य. माझं सगळं उत्तर त्यावर उभं आहे. ५२ हजारांचा निम्मा, म्हणजे २६ हजार, हा आकडा ती असेपर्यंतच खरा आहे. लग्न पुढच्या वर्षी म्हणजे ती दहाव्या महिन्यात जाईल की चौदाव्या, हे तिलाही आज सांगता येणार नाही. हॉल ज्या तारखेला मिळेल त्या तारखेला मुली घर सोडतात. त्यानंतर दुसरी मुलगी मिळेपर्यंत एक-दोन महिने सहज जातात : मालकाची परवानगी, सोसायटीचं एनओसी, पुन्हा पोलीस पडताळणी. तेवढे महिने पूर्ण भाडं एकट्या तुमच्यावर येणार.

ते झेपेल का, बघा. घरी पाठवायचे ८, कर्जाचे ९ आणि एसआयपीचे १५ हजार, असे ३२ हजार तुमचे ठरलेले जातात. वीज, गॅस, वायफाय, धुण्या-भांड्याच्या आणि पोळ्यांच्या मावशी यांचे एकटीला १० हजार धरा. टॉवरमध्ये ५२ मिळवले की होतात ९४ हजार. हातात येतात ८१. अजून भाजीसुद्धा आणलेली नाही. एसआयपी बंद केली तरी अख्ख्या महिन्याला दोन हजार उरतात. जुन्या इमारतीत हाच हिशेब ७६ हजारांवर थांबतो, आणि दोन महिने एसआयपी थांबवली तर हातात २० हजार राहतात. ओढाताण होईल, पण कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. जोडीनं घर घेताना पूर्ण भाडं दोन महिने एकटीला पेलतं का, एवढं मी प्रत्येकाला तपासायला लावते. टॉवर तिथं नापास होतो.

पहिल्या दिवशीचा खर्चही वेगळा काढा. टॉवरसाठी तुमच्या वाट्याचं डिपॉझिट १ लाख, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी धरली तर निम्मी २६ हजार, पहिलं भाडं २६ हजार, गादी-शेगडी-फ्रिज वगैरेला २० हजार, वर करारनाम्याचा खर्च. पावणेदोन लाखांच्या घरात जातं. बँकेतले १ लाख ९० हजार म्हणजे तुमचा अडीनडीचा सगळा पैसा, तो मालकाच्या खात्यात जाऊन बसेल, बिनव्याजी. जुन्या फ्लॅटला हेच सगळं सव्वा लाखाच्या आत बसतं. पुढं दर महिन्याला ९ हजार वाचतात ते पहिलं वर्षभर लिक्विड फंडात (हवे तेव्हा चटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका आणि अडीनडीचा साठा पुन्हा दीड-पावणेदोन लाखांवर आणा. तोवर शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडायच्या भानगडीत पडू नका.

खाडीच्या देखाव्याबद्दल एक बाजूची गोष्ट. ऑफिसच्या दिवशी तुम्ही घरी पोचेपर्यंत अंधार झालेला असणार, आणि रात्री खाडी दिसत नाही. दिवसा दिसते तेव्हा ओहोटीला तिचा वासही येतो. संध्याकाळी डासांसाठी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. खारट दमट हवेनं एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी गंजते, मग गॅस गळतो. तो भरण्याचा खर्च मालकाचा की तुमचा, हे करारात नसेल तर तुमचाच. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. त्या पाखरांचे थवे फुटपाथवरून बघायला भाडं पडत नाही.

आणि लोकल. ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाणे-नवी मुंबई मार्गावर, ठाण्याहून काही गाड्या नेरूळपर्यंतच येतात. पनवेल-ठाणे गाड्या तेवढ्या सीवूड्सला थांबतात. ऐरोलीला रोज जाणाऱ्याला त्यामुळे सीवूड्सपेक्षा नेरूळ स्टेशन सोयीचं. टॉवरपासून स्टेशनला रिक्षा लागेल, तिचं किमान भाडंच २६ रुपये आहे. जुन्या इमारतीतून चालत जाल.

जुन्या इमारतीची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी तिची दलाल आहे असं वाटेल. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर छताकडे, पंख्याच्या हुकाभोवती बघा. तिथं पिवळट कडा असलेला डाग किंवा नुकताच मारलेला पांढऱ्या रंगाचा चौकोन दिसला तर पावसाळ्यात गळतं, असं समजा. पाणी किती वाजता येतं ते शेजारच्या काकूंना विचारा, मालकाला नको. सगळ्यात महत्त्वाचं : सोसायटीचं पुनर्विकासाचं काही चाललंय का? नेरूळ-वाशीतल्या सिडकोच्या काळातल्या बऱ्याच इमारतींमध्ये त्याच्या सभा सुरू आहेत. बिल्डर नेमून झाला असेल तर सहा महिन्यांत खाली करा म्हणतील, आणि तुमची दलाली वाया. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरींना सरळ विचारा. त्याच भेटीत एकट्या मुलींना भाड्यानं देण्याबद्दल त्यांचा काही आक्षेप आहे का, तेही कळेल. टोकन त्यानंतर.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात तो कायद्यानंच बंधनकारक आहे, नोटरी केलेल्या कागदावर भागवू नका. एकूण भाड्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, डिपॉझिटवर १० टक्के मानीव (म्हणजे नुसतं गृहीत धरलेलं) व्याज भाड्यात मिळवून, आणि शहरी भागात १ हजार नोंदणी फी. तुमच्या ३४ हजारांच्या फ्लॅटला ११ महिन्यांची ड्युटी हजाराच्या आत बसते, त्यामुळे एजंटनं ‘ॲग्रीमेंटचे आठ हजार’ म्हटलं तर हिशेब मागा. जमल्यास ११ ऐवजी २२ किंवा २४ महिन्यांचा करार करा आणि दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घ्या, म्हणजे अकराव्या महिन्यात पुन्हा दलाली मागायला कुणी येणार नाही. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका.

दोघींचीही नावं करारात असू द्या. डिपॉझिटचा वाटा प्रत्येकीनं आपापल्या खात्यातून मालकाला पाठवायचा. एकीनं भरायचं आणि दुसरीनं तिला नंतर द्यायचे, हे नको. एक जण सोडून गेली तर दुसरीला नवी जोडीदार आणता येईल आणि जाणारीचं डिपॉझिट येणारी देईल, हे एक वाक्य करारात घालायला लावा. मैत्रिणीशी हे बोलणं अवघड जाईल. आत्ताच बोला, तिच्या लग्नाच्या खरेदीच्या दिवसांत हा विषय निघाला तर मैत्रीसुद्धा जाईल. तिला टॉवरच हवा असेल तर तिला जाऊ द्या, तुम्ही दुसरी जोडीदार शोधा. तिचं एक वर्षाचं मस्त राहणं आणि तुमचं तीन-चार वर्षांचं राहणं यांचं गणित वेगळं आहे.

आता बाबा. भाडं पाण्यात जातं, असं ते म्हणतात. ६२ लाखांच्या घरावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देईल, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची तीच मर्यादा आहे. म्हणजे कर्ज ४९ लाख ६० हजार, स्वतःचे १२ लाख ४० हजार. बांधकाम चालू असल्यानं ५ टक्के जीएसटी, ३ लाख १० हजार. स्टॅम्प ड्युटीत स्त्रियांना एक टक्का सवलत आहे, ती धरूनही तीन-साडेतीन लाख जातील, शिवाय ३० हजार नोंदणी. सगळं मिळून १९ लाखांच्या आसपास रोख लागते. बाबांचे १० आणि तुमचा सगळा फंड व बँक बॅलन्स ओतला तरी १६ च्या थोडेच वर जातात. उरलेल्या तीन लाखांसाठी कुणीतरी पर्सनल लोन सुचवेलच.

समजा जमलं. ८ टक्के व्याजानं २० वर्षांचा हप्ता साडेएकेचाळीस हजार येतो. त्यातल्या पहिल्या हप्त्यात ३३ हजार निव्वळ व्याज असतं, मुद्दल साडेआठ हजारही नाही. नेरूळच्या जुन्या इमारतीतल्या तुमच्या वाट्याच्या भाड्याच्या हे व्याज जवळपास दुप्पट, आणि तेही परत येत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत हे भाडं चुकत नाहीच. कर्ज जसजसं उचललं जाईल तसं त्याचं व्याजही सुरू होईल. दोन्ही एकाच पगारातून.

‘कर वाचेल’ हेही तुम्हाला लागू नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य आहे. तुम्ही आजही कर भरत नाही, तर वाचवणार काय? त्याच कारणानं घरभाडे भत्त्याच्या पावत्यांचाही तुम्हाला उपयोग नाही. पगार पावणेतेरा लाखांच्या पुढं गेला की हा प्रश्न पुन्हा काढू.

उलवे वाईट नाही. उरणची लोकल झाली, अटल सेतू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. पण ज्या गोष्टींच्या घोषणा इतकी वर्षं होर्डिंगवर आहेत, त्या बिल्डरनं भावात कधीच धरून ठेवल्या आहेत. रोजच्या प्रवासाला बामणडोंगरी किंवा खारकोपरहून नेरूळला येऊन गाडी बदलायची, आणि उरण मार्गावरच्या गाड्या मोजक्या. पुढं विकायला काढलंत तर जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची असल्यास हस्तांतर शुल्क आणि एनओसी लागते, हेही बाबांना सांगा. तुमचं लग्न, बदली, दुसरी नोकरी, यातलं काहीच ठरलेलं नसताना एका उपनगरात वीस वर्षं अडकायचं कशाला?

बाबांचे १० लाख त्यांचेच राहू द्या. ५५ ते ६० वयात निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये ठेवता येते, कमाल ३० लाख. ती मुदत हुकली तर साठीपर्यंत थांबावं लागेल, त्यामुळे जूनआधीच पोस्टातून किंवा बँकेतून फॉर्म आणून ठेवा. व्याज दर तीन महिन्यांनी त्यांच्या खात्यात येईल, मग तुमच्या ८ हजारांचा भार थोडा हलका होतो का, तेही दोघांनी बसून बघा.

आणि तोपर्यंत त्यांना उलव्याच्या साइट व्हिजिटला एकटं पाठवू नका. गाडी घ्यायला येते, जेवण देतात, सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंगसुद्धा मापापेक्षा लहान केलेला असतो. चेकबुक सांगलीलाच राहू द्या.