कॅनडाचा एखादा प्रांत पूर्वी वेगळा देश होता, हे खरं आहे का?

हो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट, न्यूफाउंडलंड. ब्रिटिश साम्राज्यात कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जो डोमिनियनचा, म्हणजे साम्राज्यातल्या स्वशासित देशाचा दर्जा होता, तोच यालाही होता. १८६९ च्या निवडणुकीत तिथल्या मतदारांनी कॅनडात जायला साफ नकार दिला होता.

मला खरं नवल वाटतं ते १९३४ चं. पहिलं महायुद्ध आणि तोट्यातली रेल्वे यांपायी कर्ज १० कोटी डॉलरच्या घरात गेलं होतं, आणि लोकसंख्या होती तीन लाखांच्या आत. मंदीत मासळीचे भाव कोसळले, सरकारी उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त वाटा व्याजातच जाऊ लागला. एप्रिल १९३२ मध्ये चिडलेला जमाव राजधानी सेंट जॉन्समधल्या विधिमंडळाच्या इमारतीवर चालून गेला. पंतप्रधान रिचर्ड स्क्वायर्स कसेबसे निसटले. मग लंडनने नेमलेल्या अमुल्री आयोगाच्या सल्ल्यावरून विधिमंडळाने स्वतःच आपला कारभार ब्रिटनच्या हवाली केला. पुढची १५ वर्षं गव्हर्नर आणि नेमलेले सहा कमिशनर राज्य करत होते, निवडून आलेलं सरकार नव्हतंच.

आयोगाने मुख्य खापर स्थानिक पुढाऱ्यांवर फोडलं. ते भ्रष्ट होते यात वाद नाही. पण कर्जातला मोठा वाटा ज्या युद्धाचा, ते युद्ध साम्राज्याचं होतं! १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या बोमाँ-हामेलच्या लढाईत या बेटाची सुमारे ८०० माणसं पुढे गेली, दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उरली. म्हणून १ जुलैला बाकी कॅनडा राष्ट्रीय दिन साजरा करतो, तेव्हा इथे सकाळी शोक पाळतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तळ आले, रोजगार आला, तिजोरी भरली. बेटाचं पुढे काय करायचं यावर विचार करायला १९४६ मध्ये निवडलेल्या राष्ट्रीय अधिवेशनाने कॅनडात जायचा पर्याय सार्वमताच्या मतपत्रिकेवर ठेवायला २९ विरुद्ध १६ मतांनी नकार दिला, तरी लंडनने तो ठेवलाच. जून १९४८ मध्ये स्वशासनाला ४४.६ टक्के, कॅनडाला ४१.१ टक्के. बहुमत कुणालाच नाही, म्हणून जुलैत फेरमतदान झालं आणि कॅनडा ५२.३ टक्क्यांनी जिंकला.

ही काही कॅनडावरची माया नव्हती. किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये व्यापारी हंगामाआधी उधारीवर माल द्यायचा आणि मासळी आली की वळती करून घ्यायचा. रोकड हाती क्वचितच पडायची. अशा घरांना कॅनडाचा दरमहा बालभत्ता मिळेल, हे कॅनडात जाण्याच्या बाजूचे पुढारी जोई स्मॉलवूड घसा फोडून सांगत होते. ३१ मार्च १९४९ ला बेट दहावा प्रांत झालं आणि स्मॉलवूड १९७२ पर्यंत प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री राहिले.

आज प्रांताच्या विधानसभेत ४० जागा आहेत, ओटावातल्या कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मात्र फक्त ७. त्यामुळे पैशांवरून खटके उडतातच. डिसेंबर २००४ मध्ये समुद्रातल्या तेलाच्या उत्पन्नावरून बिनसलं, तेव्हा प्रीमियर डॅनी विल्यम्स यांनी प्रांताच्या सरकारी इमारतींवरचे कॅनडाचे झेंडेच उतरवले. जानेवारीत ते परत चढले, आणि काही आठवड्यांत दोन अब्ज डॉलरचा करार प्रांताच्या पदरात पडला.